बेलाच्या डोक्यात मुक्काम

'ट्वायलाइट' हा सिनेमा मला आवडला नव्हता, आणि ही नावड काही ऐकीव नव्हती. टीव्हीवर जाहिरातींसकट अख्खा पाहिला होता. सगळी चित्रं निळसर-हिरवट. व्हॅम्पायर मंडळींच्या चेहऱ्यावर पावडरचा थर, तो मानेपाशी येऊन एकदम संपलेला. जीवशास्त्राच्या वर्गात नायिका पंख्यासमोरून जाते, तिचे केस उडतात आणि नायक नाकातोंडावर हात धरतो; याला आता ओकारी होणार की काय, असं वाटावं. त्याच्यामागे पेंढा भरलेलं पांढरं घुबड पंख पसरून आहे, आणि ते पंख नेमके त्याच्याच खांद्यांतून फुटल्यासारखे दिसतात. देवदूत सुचवायचा असणार. मला हसू फुटलं. पुढे तो तिला पाठीवर घेऊन झाडांवर चढतो, उन्हात उभा राहून चमचमतो, आणि दोघं एकमेकांकडे इतका वेळ बघत राहतात की मधल्या जाहिराती बऱ्या.

त्यात मी नारायण धारप वाचत मोठी झालेली. माझ्या लेखी रक्त पिणाऱ्याने माणसाला घाबरवावं. शाळेच्या कॅन्टीनमध्ये भरलेलं ताट पुढ्यात घेऊन, न जेवता, केस विस्कटून सुंदर दिसत बसणं हे त्याचं काम नव्हे.

हे मी घरात दोन-चारदा बोलले असेन. बारावीतल्या भाचीने ते मनात धरलं. "मावशी, तू सिनेमा बघून पुस्तकाला नावं ठेवतेस," असा तिचा आरोप. पुस्तकाला मी नावं ठेवलीच नव्हती, कारण ते वाचलंच नव्हतं. पण माझं सिनेमाबद्दलचं सगळं बोलणं तिने पुस्तकाच्या खात्यावर जमा केलं होतं. एका रविवारी ती आपली प्रत घेऊनच आली. काळं मुखपृष्ठ, त्यावर दोन फिकट हात आणि ओंजळीत लालभडक सफरचंद. कोपरे दुमडलेले, काही ठिकाणी समासात पेन्सिलीने बदाम काढलेले. तिची अट एकच होती, की पूर्ण वाचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. ती अट मी पहिल्याच रात्री मोडली.

पुस्तक उघडलं तर आधी बायबलातलं वचन लागतं, बऱ्यावाईटाचं ज्ञान देणाऱ्या झाडाचं फळ खाऊ नकोस, खाशील त्या दिवशी मरशील, अशा अर्थाचं. सफरचंदाचा उलगडा झाला. त्यानंतर पानभराची प्रस्तावना. त्यात कोणीतरी आपल्या मारेकऱ्यासमोर उभं आहे. हे आमिष आहे हे लगेच कळतं. पुढची तीनशेवर पानं शाळा, पाऊस आणि गृहपाठ यांत जाणार, तेव्हा वाचकाने पळून जाऊ नये म्हणून दारातच एक मरण टांगून ठेवलेलं. युक्ती जुनीच, पण माझ्यावर चालली.

शाळा आणि पाऊस अपेक्षित होते. स्वयंपाक अपेक्षित नव्हता.

गोष्ट थोडक्यात अशी. सतरा वर्षांची बेला स्वान अॅरिझोनातलं फीनिक्सचं ऊन सोडून वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स या गावी वडिलांकडे राहायला येते. आईने दुसरं लग्न केलंय, नवरा बेसबॉलपटू आहे, त्याच्याबरोबर आईला फिरता यावं म्हणून लेकीने स्वतःहून काढता पाय घेतलाय. वडील चार्ली हे गावचे पोलीसप्रमुख. त्यांना अंडी आणि बेकन तळण्यापलीकडे काही येत नाही, हे बेलाच्या लगेच लक्षात येतं आणि स्वयंपाकघर ती ताब्यात घेते. कपाटात एक बरणी आहे, तिच्यावर चिठ्ठी चिकटवून वाणसामानाचे पैसे ठेवलेले. त्यातले पैसे घेऊन ती दुकानात जाते, बटाटे फॉइलमध्ये गुंडाळून भाजायला ठेवते, मांस मुरवत ठेवते. घरात बाथरूम एकच, तीही बापलेकीत वाटून घ्यायची. संध्याकाळी चार्ली येतो, कमरेचा पिस्तुलाचा पट्टा काढून टांगतो, वास घेतो, जेवतो. दोघं फारसं बोलत नाहीत आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नाही.

सिनेमाने हे सगळं काढून बापलेकीला गावातल्या हॉटेलात जेवायला बसवलं. कारण समजतं, हॉटेलात गावातली चार माणसं एका दृश्यात दाखवता येतात. पण त्यात ही मुलगी कोण आहे तेच हरवलं. आईची आई होऊन वाढलेली, आता बापाचीही आई व्हायला निघालेली पोर आहे ती. सगळ्यांचं सगळं बघते, तिचं बघायला मात्र कोणी नाही, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नाही.

मग बर्फाची सकाळ येते. रस्ते निसरडे झालेत, तरी आपला जुना लाल ट्रक घसरला कसा नाही, याचं तिला नवल वाटतं. शाळेत पोहोचल्यावर ती चाकांकडे बघते, तर त्यांना साखळ्या बांधलेल्या. चार्लीने कधी भल्या पहाटे उठून, एक शब्द न बोलता बांधल्यात. तिचा गळा दाटून येतो, आणि ती त्या चाकांशी तशीच उभी असताना एक व्हॅन घसरत तिच्या अंगावर येते. एडवर्ड, म्हणजे तिच्या वर्गातला तो व्हॅम्पायर नायक, तिला वाचवतो तो हा प्रसंग. सिनेमात लक्षात राहते ती व्हॅनच्या पत्र्यावर उमटलेली त्याच्या हाताची खूण. वाचताना माझं लक्ष साखळ्यांवरच राहिलं. एकाच पानावर तिला दोघांनी सांभाळलंय, आणि पुढच्या साऱ्या पुस्तकात ती मागे लागणार त्यांतल्या एकाच्याच. इथे मी भाचीला मेसेज केला: "चार्ली फार आवडला." उत्तर आलं: "मावशी!!! चार्ली नाही गं!"

पावसाबद्दलही सांगायला हवं. फोर्क्स हे खरं गाव आहे. ऑलिम्पिक द्वीपकल्पावरचं, लाकूडतोडीवर जगलेलं, जेमतेम तीन-साडेतीन हजार वस्तीचं. लेखिका स्टेफनी मेयर अॅरिझोनात राहणारी, तीन मुलांची आई. लिहायला घेतलं तेव्हा तिने फोर्क्स पाहिलंही नव्हतं. व्हॅम्पायरना ऊन नको, म्हणून अमेरिकेतलं सगळ्यांत जास्त पावसाचं ठिकाण तिने गूगलवर शोधलं आणि हे गाव सापडलं. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर. माझं बालपण रत्नागिरीतलं, त्यामुळे हा आकडा वाचून मी काही हबकले नाही. आम्ही एवढा पाऊस चार महिन्यांत उरकतो. फरक असा, की तिथला पाऊस उरकतच नाही. हिवाळाभर रिपरिप चालू. बेला त्या हिरव्यागार गावावर इतकी चिडते, की शेवाळ, नेचे, ओली खोडं, सगळं तिला परग्रहावरचं वाटतं. ही चिडचिड वाचायला मजा येते. सिनेमात बेला फक्त खिन्न दिसते, इथे तिच्या जिभेला धार आहे. फक्त ती धार तोंडावाटे बाहेर पडत नाही, मनातल्या मनात चालते.

आणि माझ्यापुरतं सगळं घोडं इथेच पेंड खात होतं. कादंबरी पहिल्यापासून बेलाच सांगते. तिला दिसेल तेवढंच आपल्याला दिसतं. जीवशास्त्राचा तोच वर्ग पुस्तकात आला तेव्हा मी मुद्दाम हळू वाचलं. नवा शेजारी बाकाच्या टोकाला सरकून, मुठी आवळून बसलाय, आणि ही बिचारी स्वतःचेच केस हुंगून बघते, आपल्याला वास तर येत नाही ना म्हणून. येतो तो स्ट्रॉबेरीच्या शाम्पूचा. नवीन शाळेतला पहिला दिवस ज्याने काढलाय त्याला हे अपमानाचं दुखणं सांगावं लागत नाही. मग तो मुलगा बरेच दिवस शाळेतच येत नाही, आणि ही रोज कॅन्टीनमधल्या त्याच्या भावंडांच्या टेबलाकडे बघते, पाच जणांच्या जागी चारच आहेत हे मोजते, स्वतःवर चिडते, पुन्हा बघते. घडत काहीच नाही. मी मात्र पुढचं पान उलटते आहे.

सिनेमा दोन तासांचा. त्याला हे वाट बघणं परवडत नाही. तिथे बेलाचं थोडंसं निवेदन कानावर पडतं, बाकी सगळं नटीच्या चेहऱ्यावर सोडलेलं. क्रिस्टन स्टुअर्टचं ते अडखळणं, ओठ चावणं, पापण्या फडफडवणं मला तेव्हा असह्य झालं होतं. पुस्तक वाचताना तिची पंचाईत दिसली. पानोपानी चाललेली बडबड तिला तोंड न उघडता दाखवायची होती. अभिनय मला अजूनही आवडत नाही, पण असं काम कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

पुस्तकाचा मधला भाग भाचीच्या मते सगळ्यांत गोड आणि माझ्या बहिणीच्या मते सगळ्यांत रटाळ. (बहिणीने तो तिथेच सोडला होता, हे मला नंतर कळलं.) मुलींनी मुलांना विचारायचं असं शाळेतलं एक नाचाचं प्रकरण आहे, त्यात उलट तीन मुलगे बेलाच्या मागे लागतात आणि ती तिघांनाही सिअॅटलला जायचं कारण सांगून कटवते. एडवर्ड लांबून हसतो. एकाला तिला विचारता यावं म्हणून तर तो मुद्दाम आपली गाडी आडवी घालून तिचा रस्ता अडवतो. चक्क टवाळ आहे हा मुलगा! सिनेमातला एडवर्ड जन्मात असं काही करणार नाही. तो बहुतेक वेळ दाढ दुखत असल्यासारखा दिसतो.

याला एक कारण असू शकतं. मेयरने हीच गोष्ट एडवर्डच्या तोंडून सांगायला घेतली होती. त्याची बारा प्रकरणं २००८ मध्ये बाहेर फुटली, तिने काम थांबवलं, आणि पूर्ण पुस्तक 'मिडनाइट सन' या नावाने आलं ते थेट २०२० मध्ये. पण सिनेमा होत होता तेव्हा तो अर्धवट मजकूर दिग्दर्शिका कॅथरीन हार्डविक आणि नट रॉबर्ट पॅटिन्सन यांना वाचायला मिळाला होता. त्यातला एडवर्ड आतून स्वतःचा तिरस्कार करणारा, रक्ताच्या वासाने वेडापिसा झालेला. पॅटिन्सनने तो आतला एडवर्ड बाहेर आणून ठेवला असावा, असा माझा तर्क. 'ट्वायलाइट' वाचणाऱ्याला भेटतो तो बेलाला दिसणारा एडवर्ड, आणि त्या दोघांत बरंच अंतर आहे.

मधल्या भागातलं एक प्रकरण मी दोनदा वाचलं. एडवर्ड दिवसभर तिला प्रश्न विचारतो. आवडता रंग कुठला, गाणी कुठली ऐकतेस, फीनिक्समध्ये काय होतं ज्याची आठवण येते. आणि ती सांगायला लागते. झुडपांचा कडवट वास, जुलैतल्या किड्यांची किरकिर, झाडांचं पिसासारखं विरळ असणं, आणि एका क्षितिजापासून दुसऱ्यापर्यंत पसरलेलं पांढरट निळं आकाश. जे कुणाला सुंदर वाटत नाही ते सुंदर का आहे, हे समजावताना ती हातवारे करते, थांबते, पुन्हा सांगते. हे मेयरचं स्वतःचं ऊन आहे. न पाहिलेल्या फोर्क्सबद्दल तिने शोधून लिहिलं, पण अॅरिझोना तिच्या अंगणात होता, आणि लिखाणात तो फरक कळतो. सिनेमात फीनिक्स आहे, पण ही वाक्यं नाहीत. असतील तरी कुठे? उन्हाबद्दल बोलणाऱ्या मुलीचं लांबलचक भाषण कोण ठेवणार?

चमचमण्यापाशी आले तेव्हा मी थोडी सावरून बसले. हा प्रसंग तेराव्या प्रकरणात आहे, पण लिहिला गेला सगळ्यांत आधी. २ जून २००३ च्या पहाटे मेयरला स्वप्न पडलं: कुरणात एक मुलगी आणि एक देखणा, उन्हात लखलखणारा व्हॅम्पायर, आणि तो तिला सांगतोय की तुझ्यावर प्रेम करताना तुला मारून न टाकणं मला किती जड जातंय. विसरू नये म्हणून तिने ते लिहून काढलं आणि साधारण तीन महिन्यांत त्याच्या मागची-पुढची कादंबरी पुरी केली. २००५ मध्ये ती छापून आली. म्हणजे चमचमणं ही पुढे सुचलेली सजावट नाही. आधी ते होतं, बाकी सगळं त्याच्यासाठी रचलं.

या चमचमण्याची जगभर टर उडवली गेली, मीही उडवली आहे. खरा व्हॅम्पायर उन्हात जळून मरतो, हा त्यातला ठरलेला मुद्दा. पण १८९७ च्या मूळ 'ड्रॅक्युला'तला काउंट दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो. त्याची शक्ती तेवढी दिवसा घटते. उन्हाने नाश होणं रूढ झालं ते १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटापासून. तेव्हा परंपरेचा दंडा घेऊन मेयरला मारण्यात फारसा अर्थ नाही. माझी हरकत वेगळी होती, ती म्हणजे सिनेमात ते चकाकणं स्वस्तातलं दिसलं होतं. पानावर दिसण्याचा प्रश्नच येत नाही. बेला म्हणते हिऱ्यांसारखं, आणि ती प्रेमात आहे, तेव्हा वाचणारा म्हणतो, बरं बाई, हिऱ्यांसारखं.

आणि या कुरणात मुख्य गोष्ट चमकणं नाहीच. एडवर्ड तिला सांगतो की वर्गातल्या त्या पहिल्या दिवशी तिला एकटीला बाहेर कसं न्यावं, कसं मारावं, याचे बेत तो तासभर मनात करत होता. त्याआधी झाडाची जाडजूड फांदी सहज मोडून दुसऱ्या झाडावर फेकतो, तुला माझ्यापासून पळताही येणार नाही हे कळावं म्हणून. इथे मला पहिल्यांदा भीती वाटली. बेलालाही वाटते, पण तेवढ्यापुरतीच. थोड्या वेळाने ती पुन्हा त्याच्या हातावरून बोट फिरवत बसते.

पुढच्याच प्रकरणात अडकले. एडवर्ड कबूल करतो की तो जवळजवळ रोज रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत असतो. तिला न विचारता, तिला न कळता. यावर बेलाला कसली काळजी वाटावी? आपण झोपेत काय बरळलो असू याची. त्याच्या येण्याने ती मनातून सुखावते, आणि तसं आपल्याला सांगतेही. मी पुस्तक उपडं ठेवलं आणि भाचीला फोनच केला.

"अगं, हे काय आहे? पोलिसाच्या घरात रोज रात्री माणूस शिरतोय."

"पण तिला चालतंय ना, मावशी."

"तिला चालतंय हे तुला कोणी सांगितलं?"

"तिनेच. पुस्तकात लिहिलंय की."

ती खोटं बोलत नव्हती. पुस्तकात तिनेच लिहिलंय, आणि दुसरं कोणी काही लिहिलेलंच नाही. जवळची मैत्रीण आपल्या नव्या मित्राबद्दल फोनवर भरभरून सांगते, तसं हे अख्खं पुस्तक आहे: ऐकताना आपण तिच्या बाजूचे, तिच्या हसण्यात हसणारे, आणि तो कसा आहे हे कळायला तिच्या शब्दांपलीकडे आपल्याकडे काही नाही. सिनेमाचा कॅमेरा मात्र खोलीच्या कोपऱ्यात उभा राहतो. तिथून झोपलेली मुलगी दिसते आणि अंधारात उभा असलेला मुलगा दिसतो. त्याला कितीही देखणं करा, कितीही पियानो वाजवा, चित्र ते चित्रच राहतं. मला सिनेमात जे खटकलं होतं त्यातलं बरंचसं पुस्तकात जसंच्या तसं आहे, फक्त बेलाच्या आवाजाखाली झाकलेलं. सिनेमाने झाकण काढलं. तेवढ्यापुरता सिनेमा जास्त प्रामाणिक, असं मी भाचीला म्हटलं. तिने फोनवर मोठा उसासा टाकला.

नंतर तिने एक गोष्ट सांगितली ती मला पटली. तिच्या वर्गातल्या मुलींना एडवर्ड आवडतो तो काही खिडकीतून येतो म्हणून नाही, तर तो स्वतःला आवरतो म्हणून. पुस्तकभर हा मुलगा तिला हात लावतानाही थांबतो, विचार करतो, मागे सरतो. मेयर मॉर्मन पंथातली, बहुतेक समीक्षक या संयमाचं मूळ तिथे शोधतात, आणि त्यात तथ्य असेल. पण सतराव्या वर्षी, मुलगे थांबत नाहीत हा अनुभव असलेल्या मुलीला थांबणारा मुलगा स्वप्नातला वाटला, तर त्यासाठी पंथ कशाला हवा? यावर आमचं आणखी बरंच बोलणं झालं. ते पुस्तकाबद्दल नव्हतं, म्हणून इथे देत नाही.

गद्याबद्दल मात्र मी हटून आहे. एडवर्डचा चेहरा संगमरवरी आहे, पुतळ्यासारखा आहे, निर्दोष आहे, हे एकदा सांगून पुरलं असतं. इथे ते पानापानावर येतं. त्याचे डोळे कधी सोनेरी, कधी पुष्कराजासारखे, भूक लागली की काळे; त्याचं ते तिरकं हसू तर इतक्यांदा येतं, की मी शेवटी तिरकं हसू दिसलं की परिच्छेदच ओलांडून पुढे जायचे. काही हरवलं नाही. चांगल्या संपादकाने शंभरेक पानं कमी केली असती, असं मला वाटतं. भाचीला वाटतं शंभर वाढवायला हवी होती.

खरा खलनायक उगवतो तो अठराव्या प्रकरणात, एकूण चोवीसपैकी. एडवर्डचं व्हॅम्पायर कुटुंब ढगांच्या गडगडाटात बेसबॉल खेळत असतं, कारण त्यांच्या फटक्याचा आवाज एरवी गावभर जाईल, आणि तिथे तीन परके व्हॅम्पायर येऊन टपकतात. त्यांतल्या एकाला बेलाचा वास लागतो. सिनेमाच्या पटकथेने त्यांना खूप आधी आणलंय, गावाच्या आसपास दोन-तीन खून करवलेत, म्हणजे प्रेक्षक धास्तावलेला राहील. हे शहाणपणाचंच आहे. पुस्तकात तोवर आपण इतके गाफील झालेलो असतो की शिकार सुरू झाल्याचं कळायलाही वेळ लागतो.

आणि मग ती मारामारी. नृत्यशाळेत, आरशांच्या खोलीत, तो बेलाला गाठतो, तिचे हाल करतो, आणि बेला शुद्ध हरपते. पुढचं प्रकरण उघडलं तर ती कुठेतरी खोल पाण्याखाली असल्यासारखी, एडवर्डचा आवाज लांबून येतोय. लढाई कुठे गेली? मी मागचं पान उलटून पाहिलं, प्रतीत एखादं पान कमी आहे की काय. नाही. लढाई लिहिलेलीच नाही. खलनायक मेला हे आपल्याला नंतर इस्पितळात, बोलता बोलता कळतं. सांगणारी बेशुद्ध होती, मग सांगणार कोण! सिनेमाने ती सगळी घेतली, फरशा फोडल्या, आरसे फोडले, जाळपोळ केली. माझ्यासारख्या धारपवाचकाला खरं तर तेच हवं असायला हवं. पण मेयरने इथे जो हट्ट पाळलाय त्याला मी मनातून दाद दिली. मुलीच्या डोक्याबाहेर एक पाऊलही टाकायचं नाही, मग कळसाचा प्रसंग हातचा गेला तरी चालेल. एवढं धाडस तिच्या वाक्यांत कुठेच नाही. ते तिच्या रचनेत आहे.

एक गोष्ट मात्र वाचल्यानंतर शोधून पाहिल्यावर जास्त टोचली. बेलाला व्हॅम्पायरांचा सुगावा लागतो तो जेकब या मुलाकडून. तो क्विल्यूट जमातीचा, ला पुशच्या किनाऱ्यावर तो तिला आपल्या पूर्वजांची गोष्ट सांगतो: ते लांडग्यांपासून झाले आणि 'थंड लोक' त्यांचे वैरी. क्विल्यूट ही खरी जमात आहे, ला पुश ही त्यांची खरी वस्ती. लांडग्यांतून माणूस घडल्याची कथाही त्यांचीच. थंड लोक मेयरने आपल्या मनाने त्यात घातले. पुस्तकं आणि सिनेमे कोट्यवधींचा धंदा करत असताना ही वस्ती समुद्राच्या पातळीवर, त्सुनामीच्या तोंडाशी होती. शाळा उंचावर हलवण्यासाठी त्यांना राष्ट्रीय उद्यानातली जमीन मिळवून देणारा कायदा २०१२ मध्ये झाला. भाचीला हे माहीत नव्हतं. तिने पुढे स्वतःच बरंच शोधून मला पाठवलं.

पुस्तक संपल्यावर सिनेमा पुन्हा लावला, या वेळी जाहिरातींशिवाय आणि भाचीला शेजारी बसवून. निळा-हिरवा रंग तितकाच नकोसा. पावडर तशीच. घुबड आल्यावर आम्ही दोघीही हसलो. पण बेसबॉलचा प्रसंग या खेपेला आवडला. पुस्तकात तो नुसता सांगितलेला आहे, इथे म्यूझ या बँडच्या गाण्यावर खरोखर धावतो. आणि बिली बर्कने केलेला चार्ली! एडवर्ड पहिल्यांदा घरी येतो तेव्हा हा गृहस्थ टेबलावर बंदूक साफ करत बसलेला. हे पुस्तकात नाही. असायला हवं होतं, इतकं ते चार्लीचं आहे. फीनिक्सच्या उन्हाची वाक्यं कुठे येतात का हे मी बघत होते. ती आली नाहीत.

"मग? आता काय वाटतं?" भाचीने विचारलं. सिनेमा तेवढाच आवडत नाही, पुस्तक अर्धं आवडलं, एडवर्ड मुळीच नाही, असं मी सांगितलं. तिने हिशेब मान्य केला आणि पिशवीतून दुसरा भाग काढला. मी नको म्हणणार होते. तिने मधलं एक पान उघडून पुढे धरलं. एडवर्ड बेलाला सोडून निघून गेलाय, आणि त्या पानावर 'ऑक्टोबर' एवढंच छापलंय. बाकी पान कोरं. पुढच्या पानावर 'नोव्हेंबर', मग 'डिसेंबर', मग 'जानेवारी'. सबंध पहिल्या पुस्तकात क्षणभर गप्प न बसलेली मुलगी चार महिने बोलतच नाही.

सिनेमात याचं काय केलंय, असं मी विचारलं. खुर्चीत बसलेल्या बेलाभोवती कॅमेरा गोल फिरतो आणि महिन्यांची नावं येतात, ती म्हणाली, तेही छान आहे. असेल. आधी पुस्तक वाचते, मग बघू.